चिमणीसारखा दिसतो, पण चिमणी नाही! माळावरचा ‘डोंबारी’ कसा ओळखायचा आणि त्याचं घर ‘पडीक’ का ठरतं?

दरवर्षी २० मार्चला जागतिक चिमणी दिन येतो. २०१० पासून तो साजरा होतोय. त्या दिवशी लाकडी घरटी वाटली जातात, पाण्याच्या भांड्यांचे फोटो स्टेटसवर झळकतात आणि ‘चिऊताई परत ये’ अशी साद घातली जाते. हे सगळं घरचिमणीसाठी. पण पुणे-सोलापूर रस्ता सोडून एखाद्या कच्च्या वाटेला लागलात, तर गाडीसमोरून भुर्रकन उडणारा आणि पन्नास पावलांवर पुन्हा मातीत बसणारा एक छोटा पक्षी दिसतो. बघणारा म्हणतो, ‘चिमणी आहे’, आणि पुढे जातो. तो पक्षी चिमणी नसतो. लाकडी घरट्याचा त्याला काडीचा उपयोग नसतो आणि त्याचं घर जिथे असतं त्या जमिनीला सरकारी कागद ‘पडीक’ म्हणतात.

या पक्ष्याचं मराठी नाव डोंबारी. त्याची ओळख पटवून घेणं हा फक्त पक्षीनिरीक्षकांचा छंद नाही. राज्याच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातल्या जमिनीचं पुढे काय करायचं, याचं उत्तर शोधताना हा १२ सेंटिमीटरचा पक्षी उपयोगी पडतो.

डोंबारी नेमका कोण?

शास्त्रीय नाव एरेमोप्टेरिक्स ग्रिसियस. पहिल्या शब्दाचा अर्थ ‘वाळवंटाचा पंख’ असा लागतो, दुसऱ्याचा ‘राखाडी’. इंग्रजीत त्याच्या नावात चिमणी आणि चंडोल असे दोन्ही शब्द आहेत आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. चोच चिमणीसारखी जाड, आखूड आणि दाणे फोडायला योग्य. अंगाची ठेवणही तशीच. पण कूळ चंडोलाचं. घरचिमणी वेगळ्या कुळातली आहे. दोघांची चोच सारखी झाली ती नात्यामुळे नव्हे, तर दोघेही बिया खातात म्हणून.

भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंका एवढंच याचं जग. म्हणजे हा अस्सल दक्षिण आशियाई पक्षी. थंडीत दूरदेशाहून येणारा पाहुणा नाही, बारा महिने इथेच राहणारा. घनदाट जंगल आणि धो-धो पावसाचा पट्टा तो टाळतो. महाराष्ट्रात सह्याद्री ओलांडून पूर्वेला उतरलं की त्याचा मुलूख सुरू होतो. पुण्याची पूर्व बाजू, बारामती-इंदापूर, माण-खटाव, नगर, सोलापूर, मराठवाडा.

आणखी एक गैरसमज इथेच मिटवलेला बरा. सालिम अली यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली आणि नंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत ओळख विचारायला नेलेली चिमणी ही नव्हे. ती पिवळ्या कंठाची रानचिमणी. ती झाडावर बसते, झाडाच्या ढोलीत घरटं करते. डोंबारीला झाड लागत नाही.

नर ओळखणं सोपं, मादी ओळखण्यात खरी परीक्षा

विणीच्या काळातला नर एकदा नीट दिसला की पुन्हा चुकत नाही. डोक्यावर राखाडी टोपी, गाल पांढरे, पाठ फिकट करडी आणि हनुवटीपासून पोटापर्यंत कोळशासारखा काळा. डोळ्यातून एक काळी पट्टी मागे जाते. समोरून पाहिलं तर पांढऱ्या तोंडावर काळ्या रंगाचे पट्टे ओढल्यासारखे दिसतात.

इथे एक गंमत आहे. बहुतेक प्राणी-पक्षी वरून गडद आणि खालून फिकट असतात, म्हणजे उन्हात त्यांचा आकार चटकन उठून दिसत नाही. डोंबारीचा नर बरोब्बर उलटा. वरून मातीचा रंग, खालून काळा. जमिनीवर तो पाय दुमडून अगदी चिकटून बसतो, तेव्हा काळा भाग झाकला जातो आणि ससाण्यासारख्या शिकाऱ्याला वरून फक्त माती दिसते. आकाशात चढला की मात्र खालून पाहणाऱ्याला पांढुरक्या आभाळावर काळा ठिपका ठळक दिसतो. खालून पाहणारी कोण, हे पुढे येईलच.

मादीला यातलं काहीच नाही. वाळूच्या रंगाची, अंगावर पुसट रेघा, पोट फिकट. घरचिमणीच्या मादीशेजारी तिचा फोटो ठेवला तर अनेक जण फसतील. पण फोटोत फसवणारा पक्षी प्रत्यक्षात वागण्यावरून ओळखू येतो. घरचिमणी जमिनीवर दोन्ही पायांनी टुणटुण उड्या मारते. डोंबारी एकामागून एक पाय टाकत सरपटल्यासारखा चालतो, मध्येच थांबतो, दाणा टिपतो, पुन्हा चालतो. त्याचे पाय इतके आखूड आहेत की तो बसलाय की चालतोय हे लांबून कळत नाही. घरचिमणी घाबरली की झुडपात, तारेवर, छपरात घुसते. डोंबारी घाबरला की जागच्या जागी दबतो आणि फारच जवळ गेलात तर थोडं उडून पुन्हा उघड्या जमिनीवरच उतरतो. शिवाय जिथे काळ्या पोटाचा नर आहे, तिथे आसपासची ‘चिमणी’ बहुधा डोंबारीची मादीच असते.

माळावर गोंधळ घालणारे इतर चंडोलही आहेत. डोक्यावर टोकदार तुरा असेल तर तो डोंबारी नव्हे, तुरेवाल्या चंडोलांपैकी कुणीतरी. त्यातला एक तर खास दख्खनी म्हणावा असा. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले कर्नल विल्यम सायक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी करताना १८३२ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली आणि आजही तो सायक्सचा चंडोल म्हणून ओळखला जातो. उडताना शेपटीचा तांबूस रंग दिसला तर तो तांबड्या शेपटीचा चंडोल. या सगळ्यांची चोच डोंबारीपेक्षा लांब आणि सडपातळ असते. जाड, आखूड चोच हा हुकमी एक्का.

फोनवरचं मर्लिनसारखं अॅप इथे कामाला येतं, पण अर्धंच. ते अॅप आवाज आणि फोटोवरून अंदाज बांधतं. माळावर वारा भरपूर असतो, पक्षी लांब असतो आणि मादीच्या धूसर फोटोवर अॅपने सुचवलेलं नाव हे पर्यायांपैकी एक असतं, निकाल नव्हे. चाल, बैठक आणि जागा पाहणं हे काम अजून माणसाच्या डोळ्यांचंच आहे.

‘डोंबारी’ हे नाव का?

कारण त्याची कसरत. विणीच्या हंगामात नर पंख थरथरवत सरळ वर चढतो, साधारण ३० मीटरपर्यंत, म्हणजे आठ-दहा मजली इमारतीएवढा. तिथून पंख मिटून दगडासारखा खाली सूर मारतो. आता आपटणार असं वाटत असतानाच पंख उघडतो आणि पडण्याच्या वेगाचाच वापर करून पुन्हा वर झेपावतो. वर गेला की पुन्हा पंख मिटतो. अशा सात-आठ लाटा हवेत काढून झाल्या की एखाद्या ढेकळावर किंवा दगडावर येऊन बसतो. प्रत्येक सूर मारताना एक लांब, तार स्वरातली शिट्टी. ऐकणाऱ्याला आधी आवाज येतो आणि पक्षी कुठेच दिसत नाही, कारण तो डोक्यावर असतो.

यात शक्तीची उधळपट्टी वाटते, पण हिशेब पक्का आहे. वर चढण्यात मिळवलेली उंची खाली येताना वेगात बदलते आणि तोच वेग पुढची उंची देतो. रोलर कोस्टर ज्या तत्त्वावर चालतो तेच. प्रत्येक लाटेत हवेच्या विरोधामुळे थोडी उंची गमवावी लागते, ती भरून काढण्यापुरतेच पंख मारायचे. झाडच नसलेल्या मुलखात गाणाऱ्या पक्ष्याला फांदी मिळत नाही, म्हणून त्याने आभाळालाच व्यासपीठ केलं. खाली मातीत बसलेल्या मादीला काळा ठिपका कुठे आहे आणि तो किती दमदार आहे, हे दोन्ही कळतं.

मातीतलं घरटं

डोंबारीच्या सवयींमधली सर्वात महत्त्वाची, आणि सर्वात जास्त धोक्याची, गोष्ट म्हणजे घरटं. गवताच्या ठोंबाशेजारी किंवा ढेकळाच्या आडोशाला जमिनीत एक उथळ खळगा. आत बारीक गवत, मुळ्या, केस यांचं अस्तर. कडेला लहान खडे रचलेले. इतकंच. दोन किंवा तीन ठिपकेदार, मळकट पांढरी अंडी. दोन फुटांवर उभं राहूनही ती दिसत नाहीत. घरट्यावर बसण्याचं आणि पिल्लांना भरवण्याचं काम नर-मादी दोघेही करतात. मोठे डोंबारी प्रामुख्याने बियांवर जगत असले तरी पिल्लांना किडे लागतात. बाकी चंडोलांप्रमाणे यांची पिल्लंही नीट उडता येण्याआधीच घरटं सोडून गवतात पांगतात. एका जागी राहून सगळीच मुंगसाच्या तोंडी जाण्यापेक्षा ते बरं.

वीण साधारण फेब्रुवारी ते सप्टेंबर या काळात, जागेनुसार आणि पावसानुसार मागेपुढे. बाकी वर्ष ते थव्यांनी फिरतात, संध्याकाळी कच्च्या रस्त्याच्या मऊ धुळीत अंघोळ करतात आणि रात्री जमिनीवरच झोपतात. जन्म, जेवण, झोप, सगळं जमिनीवर. तेव्हा जमिनीचं काही झालं की या पक्ष्याला पळून जायला दुसरा मजला नाही.

मग अडचण कुठे आहे?

डोंबारी आज संकटग्रस्त नाही. आंतरराष्ट्रीय यादीत तो ‘सर्वात कमी चिंता’ या गटात आहे आणि नांगरलेल्या, पडून असलेल्या शेतातही तो तग धरतो. ‘मग बातमी कशासाठी?’ असा प्रश्न रास्त आहे. उत्तर माळढोकाने देऊन ठेवलंय. सोलापूर-नगरच्या माळांवर माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. आज तिथे एखादा माळढोक दिसला तरी त्याची बातमी होते. एखादा पक्षी दुर्मीळ झाल्यावर त्याच्या जमिनीची काळजी करायला गेलं तर बहुधा उशीर झालेला असतो. नेहमीचा, फुकट दिसणारा पक्षी कमी व्हायला लागतो तेव्हा खरं लक्ष द्यायचं असतं, आणि नेहमीच्या पक्ष्याकडे कुणी लक्ष देत नाही.

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३’ या अहवालात ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून ९४२ प्रजातींचा आढावा घेतला गेला. ज्या ३३८ प्रजातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यातल्या ६० टक्के घटताना दिसल्या. कुठेही जमवून घेणारे पक्षी तुलनेने बरे आहेत आणि गवताळ, मोकळ्या प्रदेशावर अवलंबून असलेल्यांची घसरण मोठी आहे. जंगलातल्या पक्ष्यांसाठी निदान जंगल वाचवायची घोषणा तरी होते. माळासाठी होते ती उलटी घोषणा, ‘माळरान हिरवं करा’.

मुळात ‘पडीक’ हा शब्द निसर्गाचा नाही, महसुलाचा आहे. इंग्रजांच्या हिशेबात ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती वाया गेलेली. तीच नजर स्वातंत्र्यानंतरही टिकली. सातबाऱ्यावर आजही ‘पोटखराब’ अशी नोंद असते. देशपातळीवरच्या पडीक जमिनींच्या नकाशात झुडपी जमिनी आणि ऱ्हास झालेली कुरणं असे प्रकार आहेत आणि त्यांच्या आड नैसर्गिक माळ झाकला जातो. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी उपग्रहचित्रांवरून अशा खुल्या नैसर्गिक प्रदेशांचा नकाशा तयार केला, तेव्हा देशाच्या भूभागाचा सुमारे १० टक्के हिस्सा त्यात येतो असं दिसलं. त्यातला संरक्षित क्षेत्रात असलेला भाग ५ टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडची गवताळ प्रदेशासाठीची अभयारण्यं बघितली तरी अंदाज येतो. सुप्याचं मयूरेश्वर सुमारे पाच चौरस किलोमीटर, कर्जतजवळचं रेहेकुरी सव्वादोन चौरस किलोमीटरच्या आत.

‘पण इथे पूर्वी जंगल होतं, माणसाने तोडून माळ केला’ हा युक्तिवाद नेहमी पुढे येतो. काही ठिकाणी तो खराही असेल. मात्र पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्याबद्दल आता चांगला पुरावा आहे, आणि तोही मराठीतच. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात १३व्या शतकापासूनचे मराठी ग्रंथ, ओव्या, लोककथा धुंडाळून त्यात आलेल्या वनस्पती आणि जागांची वर्णनं तपासली. त्यात दिसला तो काटेरी झाडांचा विरळ मेळ असलेला गवताळ मुलूख. शेकडो वर्षांपूर्वीही इथे माळच होता आणि त्यावर गुरं-मेंढरं चरत होती. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, जिथे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे दुसरं काय असणार?

झाडं लावणं वाईट कसं?

हा प्रश्न सर्वात अवघड, कारण झाडाविरुद्ध बोलणारा माणूस आपल्याकडे लगेच खलनायक ठरतो. राज्यात २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांची लक्ष्यं ठेवली गेली. एवढी झाडं लावायला एवढी मोकळी जमीन लागते. शहरात ती नाही, शेतकरी बागायत जमीन देणार नाही, मग उरतो माळ. खड्डे उन्हाळ्यात खणायचे आणि रोपं जुलैच्या वनमहोत्सवात लावायची, हे वेळापत्रक आणि डोंबारीच्या विणीचं वेळापत्रक एकमेकांवर चपखल बसतं. खड्ड्यासाठी जी जागा सपाट आणि गवताची बघितली जाते, तीच घरट्याची.

रोपं जगली नाहीत तर चर आणि खड्डे तेवढे मागे राहतात. जगली, विशेषतः गिरिपुष्पासारखी भराभर वाढणारी बाहेरची झाडं, तर सावलीत माळाचं गवत मागे हटतं. गवत गेलं की टोळ-नाकतोडे जातात, चंडोल जातात, ससे जातात, त्यांच्यावर जगणारा लांडगा गावाकडच्या शेळ्यांकडे वळतो. मग त्याच गावात लांडग्याच्या नावाने ओरड होते. शिवाय गवताळ प्रदेशात कार्बनचा मोठा साठा मुळांत आणि मातीत असतो. जेसीबीने उलथलेल्या मातीतून तो कमीच होणार.

सलग समतल चरांचं तसंच. डोंगरउतारावर ते पाणी अडवतात, टँकर कमी करतात, यात वाद नाही. पाण्याच्या टंचाईत जगणाऱ्या गावाला ‘पक्ष्यासाठी चर खणू नका’ असं शहरातून सांगणं उद्धटपणाचं आहे. पण जवळजवळ सपाट, गवताने आधीच माती धरून ठेवलेल्या माळावर निव्वळ उद्दिष्टपूर्तीसाठी चर मारले जातात तेव्हा त्यात पाण्याचा फायदा किती आणि मोजमाप पुस्तिकेतला आकडा किती, हे विचारायला हवं.

सौरऊर्जेचा पेच त्याहून नवा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणार असेल तर रात्री-अपरात्री साप-विंचवाच्या भीतीत मोटर सुरू करायला जाणं थांबेल. ही मोठी गोष्ट आहे. त्यासाठी शासकीय जमिनी, गायरानं बघितली जातात. इथे सरसकट विरोध चुकीचा ठरेल. प्रश्न जागा निवडीचा आहे. खाणीने उकरलेली, खारवट झालेली, आधीच गवत संपलेली जमीन आणि जिवंत माळ यात फरक करायचा तर आधी तो कागदावर असायला हवा. दोन्हींवर ‘पडीक’ असा एकच शिक्का असेल तर तालुक्याचा अधिकारी तरी काय करणार? नैसर्गिक माळरानासाठी महसुली नोंदीत वेगळा रकाना, ही मागणी साधी आहे आणि तिला खर्चही फारसा नाही.

चराईबद्दलही सवयीचं मत तपासायला हवं. मेंढपाळाला माळाचा शत्रू मानून कुंपण घातलं की गवत उंच आणि दाट होतं. डोंबारीला मात्र विरळ, आखूड गवत आणि मध्ये मध्ये उघडी माती लागते. बेसुमार चराईने माळ बोडका होतो हे खरंच, पण धनगर वाड्यांचं फिरतं चरणं म्हणजे बेसुमार चराई नव्हे. एका कुरणात थोडे दिवस थांबून पुढे जाणाऱ्या कळपामुळेच माळाचा पट्टा कुठे आखूड, कुठे उंच असा राहतो आणि त्यात वेगवेगळ्या पक्ष्यांची सोय होते. इंदापूर-बारामती भागात, कडबनवाडी आणि शिरसुफळला, वन विभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली ती चांगली गोष्ट. लांडगा आणि चिंकारा बघायला पर्यटक पैसे मोजतात, हे दिसल्यावर माळाला किंमत आहे हे निदान पटतं. फक्त गाड्या ठरलेल्या वाटेवरच राहायला हव्यात. वाट सोडून गवतात घातलेल्या चाकाखाली काय गेलं, हे चालकाला कळणारही नाही.

कधी आणि कसा पाहायचा?

फेब्रुवारी-मार्चची सकाळ उत्तम. सूर्य वर आला की हवा तापून थरथरते आणि दुर्बिणीतही काही नीट दिसत नाही, म्हणून नऊच्या आत. सासवड-मोरगाव-सुपे पट्टा पुणेकरांना जवळ, सोलापूरकरांना नान्नज. मराठवाड्यात तर गावाबाहेरचं गायरान पुरेल. कच्च्या रस्त्यावर गाडी थांबवून आतच बसून राहा. गाडीला हे पक्षी कमी घाबरतात, उतरलेल्या माणसाला जास्त. लांब शिट्टी ऐकू आली तर आधी वर बघा. नर जिथे उतरेल ते ढेकूळ लक्षात ठेवा, तो बहुतेक वेळा तिथेच परत येतो.

एखादा डोंबारी तोंडात किडा घेऊन इकडेतिकडे करत असेल आणि खाली उतरत नसेल, तर तुम्ही त्याच्या घरट्याच्या फार जवळ आहात. फोटोचा मोह सोडून तिथून मागे फिरा, पायाखाली बघत. घरट्याजवळ पायवाट पडली की मुंगूस आणि कुत्री तिच्या वासावर येतात. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून नराला बोलावण्याचा प्रकारही टाळा, त्याचा विणीचा वेळ वाया जातो. पाहिलेल्या पक्ष्यांची यादी ई-बर्डवर टाकताना तारीख, जागा आणि संख्या लिहा, आणि ‘फक्त डोंबारी होते, विशेष काही नाही’ म्हणून यादी गाळू नका. देशपातळीवरचे घट-वाढीचे आकडे अशाच ‘विशेष काही नाही’ म्हटल्या गेलेल्या नोंदींतून निघतात.